आपलं, त्यांचं आणि मुळातलं

बागच्या लेण्यांची छोटी मराठी पुस्तिका दोघांनी मिळून लिहायला घेतली आहे असं समजा. एक जण धारला राहतो, दुसऱ्या बाई पुण्याच्या. दोघांकडे एकच कच्चा मसुदा आहे आणि त्यातलं पहिलं वाक्य आहे, ‘बागला नऊ लेणी आहेत.’ धारच्या गृहस्थांचं बागला येणंजाणं आहे. ते वाक्य बदलतात: ‘बागला नऊ लेणी होती, त्यांतली पाच आज शिल्लक आहेत.’ पुण्याच्या बाई लेण्यांपर्यंत गेलेल्या नाहीत, पण त्यांनी पुस्तकं चाळली आहेत. त्या लिहितात: ‘बागला वालुकाश्मात कोरलेली नऊ लेणी आहेत.’ आता दोन्ही मसुदे एकत्र करायचे आहेत.

चूक कोणाचीच नाही. छापायला हवं ते वाक्य असं काहीतरी असेल: ‘बागला वालुकाश्मात कोरलेल्या नऊ लेण्यांपैकी पाच आज शिल्लक आहेत.’ पण हे वाक्य दोन्ही मसुद्यांत शोधून सापडणार नाही. ते तिसऱ्या कोणाला तरी, किंवा या दोघांपैकीच एकाला, डोकं लावून लिहावं लागेल. मसुदे एकत्र करणं हे काम वरवर कारकुनी वाटतं आणि मध्येच असं संपादकाचं होऊन बसतं.

प्रोग्रामर मंडळींवर ही वेळ दिवसातून अनेकदा येते. एकाच प्रकल्पाच्या फाइलींवर दहा-वीस, कधी हजारो माणसं एकाच वेळी हात फिरवत असतात. कोणी काय बदललं, कधी बदललं आणि कशाच्या आधारावर, याची वही ठेवणारी जी साधनं असतात त्यांतलं आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं म्हणजे गिट. लिनक्स या कार्यप्रणालीचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. ती आजही त्यांच्याकडेच आहे. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात, वेगळ्या वाटेने चाललेल्या कामाला ब्रँच, आणि दोन ब्रँचेस पुन्हा एकत्र आणण्याच्या आज्ञेला मर्ज. या मर्जला एखादा नवा ऑप्शन जोडावा असा प्रस्ताव येतो तेव्हा तो तपासणारे नेमकं काय तपासतात, हा या लेखाचा विषय. पण त्याआधी मर्ज चालतो कसा ते पाहायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे.

दोन मसुदे शेजारी ठेवले आणि एकात ‘वालुकाश्मात कोरलेली’ हे शब्द आहेत, दुसऱ्यात नाहीत, एवढंच दिसलं, तर त्यातून काय कळतं? पहिल्याने ते शब्द घातले असतील, किंवा मुळात असलेले शब्द दुसऱ्याने काढले असतील. पहिल्या परिस्थितीत ते ठेवायला हवेत, दुसऱ्या परिस्थितीत गाळायला हवेत. दोन मसुद्यांकडे कितीही वेळ टक लावून बसलं तरी याचा निवाडा होत नाही. त्यासाठी तिसरा कागद लागतो: दोघांनी जिथून सुरुवात केली तो मूळ मसुदा. म्हणून या पद्धतीला तीन बाजूंचा मर्ज म्हणतात. आपलं, त्यांचं आणि मुळातलं. मुळातलं हातात असलं की नियम सोपे होतात. एकाच बाजूने बदल केला असेल तर तो घ्यायचा. दोघांनी अगदी सारखाच बदल केला असेल तर एकदाच घ्यायचा. दोघांनी एकाच जागी वेगवेगळे बदल केले असतील तर थांबायचं आणि माणसाला हाक मारायची. ही हाक म्हणजेच कॉन्फ्लिक्ट. फाइलीत त्या जागी आपलं वाक्य आणि त्यांचं वाक्य खुणांच्या ओळी घालून एकाखाली एक ठेवलं जातं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

नवखा माणूस कॉन्फ्लिक्टला भितो. खरं तर ज्याची भीती वाटायला हवी तो मर्ज बिनबोभाट पार पडतो. आपल्याच पुस्तिकेत पुढे काय होऊ शकतं पाहा. धारच्या गृहस्थांनी शेवटच्या पानावर भर घातली, की रंगमहाल नावाच्या चौथ्या लेण्यातली बरीचशी चित्रं १९८२ मध्ये भिंतींवरून सोडवून संग्रहालयात हलवली आहेत. पुण्याच्या बाईंनी दुसऱ्या पानावर प्रवाशांसाठी सूचना टाकली, की रंगमहालात जाताना चांगली विजेरी न्या, अंधारात भिंतींवरची चित्रं दिसत नाहीत. दोन्ही बदल वेगळ्या पानांवर आहेत. गिटच्या दृष्टीने भांडणाचा प्रश्नच नाही. एका क्षणात मर्ज, वर यशाचा संदेश. आणि छापलेली पुस्तिका वाचून माणसं विजेऱ्या घेऊन मोकळ्या भिंती बघायला जाणार. यंत्र ओळी बघतं, अर्थ बघत नाही. प्रोग्रामच्या बाबतीत हे याहून महागात पडतं: एकाने एखाद्या फंक्शनचं काम बदललं, दुसऱ्याने त्याच दिवशी भलत्याच फाइलीत त्या फंक्शनचा जुन्या समजुतीने वापर केला, मर्ज स्वच्छ, प्रोग्राम बंद.

मर्जच्या कुठल्याही नव्या ऑप्शनकडे मी याच चष्म्यातून बघतो. तो ऑप्शन कॉन्फ्लिक्ट कमी करतो म्हणजे काय करतो? शंका सोडवतो, की शंका झाकतो?

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. मराठी मुलखात यावर फार मोठं काम होऊन गेलंय, पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावर. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचा संकल्प तिने १९१९ मध्ये सोडला. देशभर महाभारताच्या हस्तलिखित पोथ्या पसरलेल्या: काश्मीरच्या शारदा लिपीत, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम लिप्यांत. प्रत्येक प्रदेशात नकलणाऱ्यांनी काही घातलं, काही बदललं. म्हणजे एका मुळापासून फुटलेल्या शेकडो ब्रँचेस. आणि अडचण अशी की ते मूळ कोणाकडेच नाही. गिटमध्ये दोन ब्रँचेसचा सामाईक पूर्वज वहीत लिहिलेला असतो, कारण प्रत्येक कमिट आपल्या आईबापांची नोंद ठेवते. पोथ्यांच्या बाबतीत पूर्वज आधी अनुमानाने उभा करायचा आणि मग निवाडा द्यायचा.

याआधीचा मोठा प्रयत्न सतराव्या शतकातला, नीलकंठ चतुर्धरांचा. मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे, वास्तव्य काशीत. त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या पोथ्या गोळा केल्या, पाठ पारखले आणि त्यांच्या टीकेसह चालणारी आवृत्ती देशभर प्रमाण मानली गेली. त्यांचा कल सामावून घेण्याकडे होता. परंपरेने आलेलं चांगलं काही हातचं जाऊ नये, ही वृत्ती. गिटमध्ये या वृत्तीचं एक साधन आहे, त्याला युनियन म्हणतात: दोन बाजूंत भांडण असेल तर दोघांच्याही ओळी ठेवून द्यायच्या, विचारायचं नाही. याच्या अधिकृत माहितीतच इशारा दिलाय, की ओळी कशाही क्रमाने येतील, निकाल तपासून घ्या, आणि परिणाम समजत नसतील तर वापरू नका. बदलांची यादी किंवा नावांची सूची असल्या फाइलींना ते चालतं. कथेला नाही. एकच प्रसंग दोनदा दोन प्रकारे घडू लागतो, आणि महाभारताच्या फुगलेल्या प्रतींत हे वाचकाला जागोजाग भेटतं.

पुण्यातल्या कामाला शिस्त लावली विष्णु सीताराम सुकथनकरांनी. केंब्रिजला गणित शिकलेला आणि नंतर बर्लिनला संस्कृत भाषाशास्त्रात पदवी घेतलेला हा माणूस १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाला. पाठ ताडून पाहण्यासाठी चौकटींचे कागद असत. माथ्यावर छापील प्रचलित पाठातला श्लोक अक्षर अक्षर सुटं करून मांडलेला आणि खाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ, जिथे पाठ वेगळा तिथेच तो भरायचा. आज पडद्यावर दोन फाइलींतला फरक रंगवून दाखवणारं साधन बघताना मला हे कागद आठवतात. हे काम नुसतं पुण्यात चालत नव्हतं. शांतिनिकेतनात आणि तंजावरच्या भोसल्यांच्या सरस्वती महालातही पाठ जुळवणारे बसत.

सुकथनकरांच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी प्रत्येक मर्ज लिहिणाऱ्याने बघाव्यात. पहिली, गाळलेलं काहीही फेकलं नाही. जो मजकूर मुळात नसावा असं ठरलं तो तारांकन करून तळटीपेत गेला, लांब असेल तर परिशिष्टात. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीने लिहून घ्यायचं ही कथा मुख्य पाठातून निघाली, पण आवृत्तीत आहे, कोणत्या पोथ्यांत सापडते त्या नोंदीसकट. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जिथे पोथ्यांची साक्ष दोन्हीकडे झुकत होती तिथे त्यांनी एक पाठ घेतला, कारण छापायला काहीतरी घ्यावंच लागतं. पण त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली. अर्थ असा, की इथे खात्री नाही. आवृत्तीची पानं उलटताना ही रेघ वारंवार दिसते. इतक्या मोठ्या विद्वानाने आपल्या पानावर एवढ्या ठिकाणी ‘नक्की सांगता येत नाही’ असं छापून टाकावं, हे धाडस आहे.

आणि त्यांच्याकडे तपासणीही होती. सुकथनकर येण्यापूर्वी, १९२३ मध्ये, नारायण बापूजी उटगीकरांनी विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती काढली होती. ती विद्वानांना मोफत वाटली, का तर पद्धतीवर मतं यावीत म्हणून. प्रोग्रामरांच्या आजच्या भाषेत हा पॅच, म्हणजे इतरांनी तपासावा म्हणून पुढे टाकलेला बदल. मतं आली, पद्धत पुष्कळ बदलली, मग १९३३ मध्ये सुकथनकरांचं आदिपर्व पूर्ण झालं. पुढे नेपाळहून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी मिळाली, जी पाठ ठरवताना त्यांच्यासमोर नव्हती. तिच्याशी पाठ ताडून पाहिला तेव्हा त्यांचे अनेक निर्णय या नव्या साक्षीदाराने उचलून धरले. निकाल आधी जाहीर आणि पुरावा मागाहून, अशी चाचणी फार थोड्यांच्या वाट्याला येते. सुकथनकर १९४३ मध्ये गेले. काम श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्यांनी पुढे नेलं आणि १९६६ मध्ये, १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे, १९ खंडांत ते पुरं झालं.

पोथ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त छळलं ते सरमिसळीने. उत्तरेतला एखादा लेखनिक दक्षिणेची पोथी शेजारी घेऊन बसे आणि त्यातलं आवडलेलं आपल्या प्रतीत उतरवी. त्यामुळे शाखा स्वच्छ राहत नाहीत, एकमेकींत घुसतात आणि सामाईक पूर्वज कोणता हे सांगणं अवघड होतं. गिटलाही हे दुखणं आहे. दोन ब्रँचेस एकमेकींना आलटून पालटून मर्ज करत राहिल्या की सामाईक पूर्वज एक उरत नाही, दोन-तीन निघतात. त्यावर गिटचा उपाय असा, की आधी त्या पूर्वजांचाच आपापसात मर्ज करायचा आणि त्यातून निघालेला काल्पनिक पूर्वज मूळ म्हणून वापरायचा. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या २.३४ आवृत्तीपासून हे काम एलायजा न्यूरेन यांनी लिहिलेल्या ‘ऑर्ट’ या पद्धतीकडे आहे. आधीच्या पद्धतीपेक्षा ती पुष्कळ वेगवान. सामान्य वापरणाऱ्याला एवढं पुरे.

आता ऑप्शनकडे वळू. मर्जला आधीच भरपूर ऑप्शन आहेत आणि त्यांतल्या एका जोडीने किती जणांना फसवलं असेल कोणास ठाऊक. दोन्हींचं नाव ‘अवर्स’, म्हणजे ‘आपलं’. एक लहान एस अक्षरामागे लिहायचा, दुसरा मोठ्या एक्स अक्षरामागे. एक्सवाला सांगतो: सगळं नेहमीसारखं मिसळ, फक्त जिथे कॉन्फ्लिक्ट येईल तिथे आपली बाजू घे. एसवाला सांगतो: त्यांच्या ब्रँचमधलं अक्षरही घेऊ नको, पण वहीत मात्र मर्ज झाला असं लिही. दुसरा प्रकार कधीकधी खरंच हवा असतो, एखादी जुनी वाट अधिकृतपणे बंद करायला. पण चुकून वापरला तर परिणाम त्या दिवशी दिसत नाही. त्यांचं काम गायब झालेलं असतं आणि इतिहास म्हणत असतो की ते घेतलंय. पुढच्या वेळी तीच ब्रँच मर्ज करायला गेलात तर गिट ते जुने बदल पुन्हा आणणार नाही, कारण त्याच्या हिशेबी ते आत आलेले आहेत. सुकथनकरांच्या तळटीपेच्या नेमकं उलट. याचा उलटा जुळा, सगळं आपलं टाकून त्यांचंच घेणारा एसवाला ‘थेअर्स’, अनेकांनी मागितला. तो दिलेला नाही. आपलं सगळं टाकायचंच असेल तर सरळ त्यांच्या ब्रँचवर जावं, मर्जचं सोंग कशाला, हा त्यामागचा विचार मला पटतो.

एका ऑप्शनची जन्मकथा मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. जून २००५ मध्ये, गिट जेमतेम दोन-अडीच महिन्यांचं असताना, टोरवाल्ड्स यांनी गिटके नावाचा एक स्वतंत्र प्रकल्प गिटमध्ये मर्ज केला. गिटके म्हणजे इतिहासाचं झाड चित्ररूपाने दाखवणारा प्रोग्राम, पॉल मॅकेरस यांनी वेगळा सुरू केलेला. दोन्हींना सामाईक पूर्वज नव्हता. तरीही मर्ज झाला, दोन्हींचा इतिहास जसाच्या तसा राहिला आणि गिटच्या झाडाला दोन मुळं आली. टोरवाल्ड्स बेहद्द खूश झाले. याहून भारी मर्ज झालेला नाही अशा थाटात त्यांनी तो जाहीर केला. पुढची अकरा वर्षं गिट असा मर्ज विनातक्रार करू देत असे.

यात धोका कुठे होता? समजा कोणी एका मोठ्या प्रकल्पाच्या फाइली नुसत्या उतरवून घेतल्या, वही घेतली नाही. त्या फोल्डरमध्ये त्याने नवी वही सुरू केली, सगळ्या फाइली पहिल्या कमिटमध्ये टाकल्या, एक-दोन दुरुस्त्या केल्या आणि मूळ प्रकल्पाच्या सांभाळणाऱ्याला सांगितलं, हे ओढून घ्या. पूर्वज सामाईक नाही, तेव्हा गिट मूळ रिकामं धरणार. रिकाम्यापासून दोघांनी त्याच फाइली ‘नव्याने’ तयार केल्या असं त्याला दिसणार. मजकूर तंतोतंत सारखा असेल तिथे, वर सांगितलेल्या दुसऱ्या नियमाने, कॉन्फ्लिक्ट नाही. म्हणजे जितकी नक्कल हुबेहूब, तितका मर्ज शांत. आणि प्रकल्पाच्या इतिहासात एक अख्खा समांतर, खोटा म्हणावा असा इतिहास कायमचा चिकटणार. हा नुसता तर्क नव्हता. २०१६ च्या सुरुवातीला खुद्द लिनक्सच्या मुख्य इतिहासात असा एक बिननाळेचा पूर्वज शिरला. त्यात होती फक्त एक रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख सांगणारी फाइल.

मार्च २०१६ मध्ये हमानो यांनी बदल लिहिला. त्याच्या शीर्षकातच, वाजवीपेक्षा जास्त भारी मर्ज यापुढे आपण होऊन करायचा नाही, असा २००५ च्या त्या आनंदाला चिमटा आहे. गिटने आता सामाईक पूर्वज नसेल तर नकार द्यायचा, आणि ज्याला खरंच दोन वेगळे प्रकल्प जोडायचे आहेत त्याने ‘अलाऊ अनरिलेटेड हिस्टरीज’ असं लांबलचक, स्पष्ट नाव टाइप करायचं. जूनमध्ये आलेल्या २.९ आवृत्तीत हे सर्वांना मिळालं.

तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसून हा बदल पाहिला की त्यातला प्रत्येक तुकडा बोलका आहे. डिफॉल्ट (काही न सांगता गिट जे करतं ते) बदलला, म्हणजे कालपर्यंत चालणाऱ्या लोकांच्या स्क्रिप्ट उद्या अडणार; ही किंमत मोजायची का? मोजली, कारण असे मर्ज विरळा आणि चुकून झालेला मर्ज निस्तरणं कठीण. गिटच्या स्वतःच्या चाचण्यांपैकी काहींत असे पूर्वज नसलेले मर्ज होते. त्यांत हा ऑप्शन लिहून टाकावा लागला. मग हा ऑप्शन सेटिंगमध्ये एकदाच लिहून ठेवण्याची सोय द्यायची का? प्रोग्रामर मंडळींना अशा सोयी प्रिय असतात. इथे ती मुद्दाम दिली नाही. वर्षातून एकदा लागणारी गोष्ट, ती कायमची चालू ठेवायची मुभा दिली तर नकाराला काही अर्थच उरत नाही. पुल या आज्ञेचं काय? पुल म्हणजे दुसऱ्याकडून आणणं आणि लगेच मर्ज करणं. पहिल्या मसुद्यात पुलला हा ऑप्शन दिला नव्हता: दोन प्रकल्प जोडणारा माणूस आधी दुसरा प्रकल्प आणून पाहील, दोघांचं जमतंय का बघेल, मगच मर्ज करेल, एका दमात ओढून मिसळणार नाही, असं धरलं होतं. चर्चेनंतर त्याच आवृत्तीत पुललाही तो मिळाला. माझं मत विचाराल तर पहिला विचार बरा होता. ऑप्शनचं नाव लांब ठेवण्यामागे टाइप करणाऱ्याला क्षणभर थांबवावं हा हेतू दिसतो, आणि पुलमध्ये ते थांबणं नेमकं निसटतं.

कारण पुढे काय झालं ते कोणत्याही इंजिनिअरिंगच्या वर्गात दिसतं. विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर नवी वही सुरू करतो, इकडे वेबवर त्याच नावाची जागा तयार करताना रीडमी घालण्याच्या चौकटीत टिचकी मारतो. झाले दोन पूर्वज. पुल मारला की समोर ‘रिफ्यूझिंग टू मर्ज अनरिलेटेड हिस्टरीज’. मग तो वाक्य शोधतो, पहिल्या उत्तरातला ऑप्शन उचलतो, चिकटवतो, पुढे जातो. त्याच्या बाबतीत नुकसान काही नाही, एका रीडमीचा प्रश्न. पण पुढे नोकरीत खऱ्या प्रकल्पावर हाच संदेश दिसला की हात सवयीने तेच टाइप करतो.

इतिहास जुळतो की नाही हा प्रश्न आपल्या धारच्या गृहस्थांच्या माळव्याला काही परका नाही. देवास हे एकच गाव, पण पवारांच्या तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं तिथे शेजारी शेजारी नांदली, दोन राजे, दोन दरबार. पूर्वज सामाईक असलेल्या ब्रँचेस. १९४८ मध्ये मध्य भारत संघ झाला तेव्हा या दोन पात्या, धार, होळकरांचं इंदूर आणि शिंद्यांचं ग्वाल्हेर असे भिन्न इतिहासांचे मुलूख एका वहीत आले. बाग तेव्हा ग्वाल्हेरच्या हद्दीत होतं, आज धार जिल्ह्यात आहे. तिथे कोणता ऑप्शन टाइप करावा लागला ते विलीनीकरणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी सांगावं.

शंका दाखवणारा ऑप्शन कसा असतो याचंही एक उदाहरण द्यायला हवं, नाहीतर हा लेख नुसता नकारांचा होईल. कॉन्फ्लिक्ट आला की गिट आपलं आणि त्यांचं दाखवतं हे वर आलंच. मुळातलं मात्र दाखवत नाही! ज्या तिसऱ्या कागदाशिवाय निवाडा होत नाही तोच माणसाच्या हातात देत नाही. ‘डिफ-थ्री’ ही मांडणी निवडली तर मधोमध मूळ मजकूरही दिसतो आणि कोणी काय घातलं, काय काढलं ते कळतं. माझ्या ओळखीच्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या आठवड्यात ही मांडणी चालू करायला लावतो. पण तिची एक कटकट आहे. दोन्ही बाजूंनी काठाच्या ओळींत सारखाच बदल केला असेल तरी डिफ-थ्री त्या ओळी कॉन्फ्लिक्टच्या आतच ठेवते, त्यामुळे दहा ओळींचं भांडण चाळीस ओळींचं दिसतं. मग प्रस्ताव आला, की काठाच्या सारख्या ओळी छाटून बाहेर काढाव्यात.

ऐकायला बिनधोक. पण छाटल्यावर आपलं आणि त्यांचं आखूड होतं, मुळातलं मात्र तेवढंच राहतं. तीन तुकडे एकाच मापाचे राहत नाहीत, आणि घाईत वाचणाऱ्याला वाटू शकतं की मुळातल्या काही ओळी दोघांनीही काढून टाकल्या. म्हणजे थोडी सोय, थोडी दिशाभूल. म्हणून जुन्या मांडणीला हात लावला नाही. छाटणारी मांडणी ‘झेड-डिफ-थ्री’ या वेगळ्या नावाने आली, ज्याला तिचा स्वभाव ठाऊक आहे त्याने निवडावी म्हणून. कल्पना २०१३ पासून चर्चेत होती. जानेवारी २०२२ मध्ये, २.३५ आवृत्तीत ती आत घेतली गेली, आणि डिफॉल्ट तरीही जुनी दोन बाजूंची मांडणीच राहिली.